फळ्यावरचं झाकण

सोमवारी रात्री क्लबाच्या खोलीत आम्ही तिघं.
हीटर एकच, त्याच्याही दोन कांड्यांतली एक मेलेली.
मर्व्ह टकवेल फळ्यासमोर, टोपी गुडघ्यावर,
किरा हाउन्सलो लॅपटॉपवर वाकलेली,
आणि मी, बचावफळीचा प्रशिक्षक,
म्हणजे हरल्यावरच ज्याच्याकडे बघतात तो.

फळ्यावर हिरवं लंबवर्तुळ, त्यावर आमची माणसं, गोल चुंबकं.
तेवीस नंबरचं चुंबक एप्रिलमध्येच हरवलं.
त्या जागी बिअरच्या बाटलीचं झाकण,
कुणीतरी च्युइंगगमने चिकटवलेलं.

तीन आठवड्यांत तीन सामने.
पहिला एकसष्ट गुणांनी गेला. त्याचा विषय कुणी काढत नाही,
घरातल्या एखाद्या काकांचा काढत नाहीत तसा.
दुसरा जिंकलो, पण समोरचे निम्मे तापाने पडलेले,
मर्व्ह त्याला विजय म्हणत नाही, हवापालट म्हणतो.
मग हा शनिवारचा.

मधल्या उंच खांबांतून गेला तर सहा,
शेजारच्या फटीतून गेला तरी एक.
चुकल्याचेही गुण देणारा खेळ
माझ्या बायकोला अजून पटलेला नाही.
शनिवारी आम्ही आठ गोल केले आणि चौदा वेळा चुकलो: बासष्ट.
त्यांचे दहा, चुकले तीनदाच: त्रेसष्ट.
हिशोब किराने खडूने भिंतीवरच मांडलाय,
फळ्यावर जागा नव्हती म्हणून.

"वारा सायलोकडून होता," ती म्हणते.
"वारा काय फक्त आपल्यालाच लागत होता?" मर्व्ह.
पुढे बराच वेळ हीटरच बोलतो.

चित्रण ब्रॉनविनने केलेलं, गाडीच्या टपावर बसून.
मधूनमधून तिचा कुत्रा भुंकतो,
मधूनमधून ती स्वतः पंचाला असं काही म्हणते
की किरा आवाज बारीक करते.
शेवटचा मिनिट. टॅस्मनची किक.
चेंडू खांबाला लागतो, ठक्क, तो आवाज एवढ्या लांबूनही येतो.
एक गुण. भोंगा.
अकरा वेळा पाहिलं. अकराही वेळा खांबाला लागला.

बाराव्या वेळी मर्व्ह म्हणाला, "थांब. चेंडू सोड.
डावीकडे, खाली, कुंपणाजवळ कोण आहे तो?"

झाकण.
म्हणजे एमन स्केरिट, वय सतरा, बेकरीवाल्यांचा धाकटा.
दोन्ही हात वर, गोलच्या तोंडाशी, आसपास चिटपाखरू नाही.
टॅस्मनने मान नुसती वळवली असती तर.

किराने मागे नेलं. तिसऱ्या सत्रातही तो तिथेच.
त्याआधीही.
मागच्या फळीतून अख्खं मैदान तुडवत सात वेळा तो पुढे आला,
हात वर केले, सात वेळा कुणी पाहिलं नाही,
आणि दरवेळी तसाच पळत परत गेला, आपली जागा धरायला.

मर्व्हने माझ्याकडे पाहिलं नाही. बरं झालं.
कारण सामना संपल्यावर, चिखलात, सगळ्यांसमोर
मीच त्याला म्हणालो होतो,
"जागा सोडून कुठे उंडारत होतास रे?"
तो "सॉरी, कोच" म्हणाला
आणि इतरांच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागला.

किरा उगीचच हीटरखाली वाकून चुंबक शोधते आहे.
सापडलं ते एक नाणं, एक दाताची पट्टी.
मी उठलो. झाकण मागच्या फळीतून उचललं,
पुढे नेलं, गोलच्या तोंडाशी.
च्युइंगगमची तार लांबत गेली,
लांबत गेली, मैदानाच्या मधोमध,
केसाएवढी बारीक झाली, तरी तुटेना.

"उद्या सराव किती वाजता?" मर्व्हने विचारलं,
जसं त्याला माहीतच नव्हतं.
मी सहा म्हणालो.
त्या पोराशी काय बोलायचं ते
वहीत अजून लिहिलेलं नाही.