इन्क्लेन

इथेलला इंग्रजीतले वीसेक शब्द येत.
त्यातला एक तर रोज पायाखालचा,
वेल्श तोंडात घोळून घोळून इन्क्लेन झालेला:
पाटीच्या खाणीपासून बंदरापर्यंत
डोंगराच्या अंगावर ओढलेली
रुळांची दुहेरी रेघ.

वरती ढोलघर. ढोलाला दोराचे वेढे.
ब्रेकच्या दांड्यावर इथेल, सव्वीस वर्षं.
इंजिन नाही, घोडा नाही.
भरल्या वाघिणी उतरू लागल्या
की त्यांच्याच भारानं रिकाम्या वर येत.
"जड खाली गेल्याबिगर
हलकं वर येत नाही," नव्या पोरांना तो सांगे,
आणि वाऱ्याची दिशा बघून थुंके.

मार्चात मालकाचं पत्र आलं.
जेवणाच्या खोपटाच्या दारावर खिळ्यानं ठोकलेलं.
आठवड्याला दोन शिलिंग वाढ मागितली होती.
इथेल बोट ठेवत ठेवत वाचत गेला
आणि चौथ्या ओळीत ओळखीचं कुणी भेटलं:
मालक इन्क्लाइन्ड नाहीत.

"खरंय," तो म्हणाला. "सपाट माणूस.
त्याच्यावरून आपल्याकडे काय घरंगळणार?"
खोपट हसलं. कुणाचा तरी चहा सांडला.

रात्री गुएनलियननं, शाळेत शिकवणाऱ्या लेकीनं,
समजावलं: बाबा, त्याचा अर्थ इच्छा नाही.
मन ज्या बाजूला कलतं ती बाजू.
"मनालाही उतार असतो?"
असतो.
"मग ब्रेकवर कोण?"
तिनं दिव्याची वात उगाच खाली केली.

संप दहा महिने चालला.
रुळांवर गंज, ढोलघरात मेंढ्या.
आधी घड्याळ विकलं, मग हार्मोनियम,
मग नुसतेच बटाटे,
मग नुसतंच मीठ.

जानेवारीतल्या एका पहाटे
धाकटा भाऊ इद्वाल, कॉलर वर करून,
डबा कोटाखाली लपवून,
रुळांच्या कडेकडेनं खाणीकडे चढत गेला.
गल्लीतला एकेक पडदा हलला.

इथेल खिडकीत उभा होता.
डावा खांदा खाली, सगळं अंग डावीकडे झुकलेलं,
आणि डावीकडे डोंगर.

"दांड्याची सवय," तो म्हणाला,
कुणी काही विचारलं नव्हतं तरी.

गुएनलियन पाठीमागे उभी होती.
त्या शब्दाचा दुसरा अर्थ
तिनं या वेळी सांगितला नाही.