वजन कथं गयं?

दिवाळी सरली की शाळेमागं पथाऱ्या सुरू होतात
आणि 'पदार्थाच्या अवस्था' असं फळ्यावर लिहिता लिहिता
मला तीनदा शिंक येते.
सातवी ब हसते.
मग सातवी ब शिंकते.

"कण डोळ्यांना दिसत नाहीत," मी डोळे पुसत सांगते,
"पण हलत असतात. स्थायूत जागच्या जागी थरथरतात,
द्रवात एकमेकांना रेटत सरकतात,
वायूत तर..."
पुढचं वाक्य रायसिंग शिंकून पुरं करतो.
नंदुरबारात हा धडा शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही,
खिडकी पुरते.

सेवंता मालचे शेवटच्या बाकावर बसते. आली तर.
थंडीभर आईसोबत देठ खुडते, किलोमागं पैसे.
त्या दिवशी आली होती,
बोटांची आग होते म्हणून हात
पाण्याच्या बाटलीला लावून बसलेली.
मी ठणकावून सांगत होते,
वस्तुमान नाहीसं होत नाही, कधीच नाही,
तेवढ्यात ती उठली.
"बाई, चार पोता वल्ली मिरची टाकी
ना वाळनी ते एकच पोतं भरस.
मंग वजन कथं गयं?"

उत्तर पुस्तकात होतं, पान एकोणचाळीस.
मी पुस्तक मिटलं आणि नगीनशेठकडून तराजू मागून आणला.

एक किलो ओली मिरची ताटात, उन्हात.
एक किलो काचेच्या बरणीत, झाकण घट्ट, वरून मेण.
बरणीसकट वजन खडूनं भिंतीवर लिहिलं.
नऊ दिवसांनी ताटात पाव किलो, वर चिमूटभर.
बरणीत करडी बुरशी, देठ काळे,
मिरची म्हणावं असं काही उरलेलं नाही,
आणि काटा भिंतीवरच्या आकड्यावर.
"म्हणजे सडलं तरी तेवढंच?" रायसिंगनं नाक धरून विचारलं.
सडलं तरी तेवढंच.
सेवंता झाकणाच्या आतल्या थेंबाकडे बघत होती.
काचेवर बोट ठेवून म्हणाली, "हाऊ देखा."
मग खिडकीबाहेर, पथारीवरच्या आभाळाकडे
तेच बोट.

वाळलेली मिरची पाण्यात टाकली, थोडी फुगली.
मी विचारलं, आणि दृष्ट काढून चुलीत टाकलेली?
ती परत मिळेल का?
राख पुन्हा मिरची होत नाही हे सगळ्यांना पटलं,
पण ठसका लागला नाही तर दृष्ट खरी,
यावर वर्ग ठाम होता.
मी म्हणाले, ठसका लागो न लागो, बदल रासायनिकच.
घंटा झाली. भांडण अजून तिथंच आहे.

चाचणीत पहिला प्रश्न: पदार्थ म्हणजे काय? गुण दोन.
बाकीच्यांनी लिहिलं, ज्याला वस्तुमान असते
व जो जागा व्यापतो.
सेवंतानं लिहिलं:
मिरचीची खाट पदार्थ आहे. वजन काट्यावर दिसत नाही पण
रात्री आमच्या खोलीत ती इतकी जागा घेते
की आम्हाला झोपायला उरत नाही.

लाल पेन बराच वेळ हातात होतं.
व्याख्या अर्धी. अर्धीला एक गुण, असा नियम.
मी दोन दिले, मग एक केला,
मग कागदाला भोक पडेपर्यंत खोडून पुन्हा दोन.

तो पेपर माझ्या पर्समध्ये आहे. ती पंधरा दिवस आलेली नाही.
हजेरी घेताना शेवटच्या बाकाशी नजर अडते,
रिकामा, असं मनात येतं,
आणि लगेच माझाच पहिला धडा आठवतो:
रिकामं काही नसतं, तिथं हवा असते.
हवेत काय काय असतं ते
या गावात सांगावं लागत नाही.

"सेवंता मालचे," मी पुकारते.
पुढचं नाव घ्यायच्या आत
शिंक येते.