माझ्या एका मैत्रिणीला

डबा गजकाचा होता, मुरैन्याचा,
पत्र्याचा, झाकणाला चीर पाडलेली.
कितीही पुसला तरी तळाशी तीळ राहिलेच.
प्रत्येक चिठ्ठीला एखादा चिकटून यायचा
आणि नौशीन म्हणायची,
बघ, प्रश्न संक्रांतीचा आहे, गोड बोल.

दौलतगंजात, बंद पडलेल्या वाचनालयाच्या जिन्याखाली
दर गुरुवारी आम्ही पाच जण.
देवेंद्र कुशवाह, बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला.
नौशीन, जिची आई आशा कार्यकर्ती.
पल्लवी, जिला घरून परवानगी शिवणाच्या क्लासची.
ईशान, ज्याला यातलं काहीच येत नव्हतं,
पण अक्षर असं, की उत्तरं त्यानेच लिहायची.
आणि मी.

आधी सरकारी दवाखान्यातून पोस्टर आलं होतं :
चौरस आहार घ्या. चिंता टाळा.
खाली हसणारं कुटुंब, चौघांचं, गोरंपान.
ईशानने विचारलं, टाळायची ती कुठून?
जिंसी नाल्यावरून, की बाड्याला वळसा घालून?

मुजुमदार डॉक्टरबाईंना आम्ही हे तसंच जाऊन सांगितलं.
वाटलं, हाकलतील.
त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, मग तुम्ही लिहा,
मी चुका तेवढ्या बघते.
पुढच्या गुरुवारी जिन्याला डोकं आपटून घेत
त्या सगळ्यात बुटक्या स्टुलावर बसल्या.
खुर्ची आम्ही दिली नाही.
त्यांनीही मागितली नाही.

चिठ्ठ्या.
माझ्या एका मैत्रिणीची पाळी चार महिने आली नाही.
माझ्या एका मित्राने जिमवाल्याकडून पावडर घेतली, आता लघवी गडद होते.
मेरे एक दोस्त को रात भर नींद नहीं आती.
मैत्रिणीचं हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ, हे जास्त की कमी?

केवढे हे मित्र या एका लष्करात,
सगळे आजारी,
आणि त्यांच्यासाठी चिठ्ठ्या लिहिणारे
सगळे ठणठणीत!
आम्ही हसलो. मग हसू पुरलं नाही.

पल्लवीने 'रक्तक्षय' खोडलं.
लिहिलं, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं का?
बाई म्हणाल्या, लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, हेही घाला,
नाहीतर घाबरून तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडतात.
सहा पॉइंट आठला उत्तर लांब नव्हतं :
तुझ्या मैत्रिणीला सांग, आजच जा. उद्या नाही.
एकटी जाऊ नकोस, आमच्यातलं कुणीतरी सोबत येईल.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर,
भिंतीला हात लावला तर चटका.
डब्यात एकच चिठ्ठी.
'माझ्या एका मित्राला' एवढं लिहून
त्यावर सरळ रेघ, पट्टीने मारावी तशी.
खाली :
मला सकाळी उठावंसं वाटत नाही. जानेवारीपासून.

अक्षर सगळ्यांनी ओळखलं.
असं 'ज्ञ'सारखं 'ज' कोण काढतं दुसरं.
तो समोरच बसला होता, पेनचं टोपण उघडून,
उत्तर लिहायला.

देवेंद्रने पंख्याकडे पाहिलं, जो नव्हता.
पल्लवीने त्याच्या हातून पेन घेतलं.
तिचं अक्षर म्हणजे उसवलेली शिवण.
सवयीने लिहून गेली 'तुझ्या मित्राला सांग',
थांबली, खोडलं,
आणि लिहिलं, तू.
पुढे काय लिहायचं ते कुणाला सुचेना,
तसं ते 'तू' बराच वेळ एकटंच राहिलं कागदावर.

बाई म्हणाल्या, सोमवारी साडेदहा, खोली नंबर चौदा.
तिथे वेड्यांना बघतात असं ऐकलं असशील.
मीही गेले आहे तिथे, दोन वर्षं.
देवेंद्र म्हणाला, स्कूटर मी आणतो.
नौशीन काहीच म्हणाली नाही, तिने पाण्याची बाटली सरकवली.

मलाही बोलायचं होतं तेव्हा,
की सहा पॉइंट आठ माझंच होतं,
आणि दवाखान्यात मी एकटीच गेले होते.
राहून गेलं.

ईशानने चिठ्ठी परत मागितली.
उलटसुलट करून पाहिली.
कोपऱ्यात एक तीळ होता.
तो त्याने नखाने काढून खाल्ला.