मुक्काम

तिमाही तक्ता सहा तारखेच्या आत वर जावा लागतो.
आडवे आजार, उभे पैसे भरणारे:
आरोग्य कार्ड, यशस्विनी, ई.एस.आय., कंपनीचा विमा, रोख.
चौकटीत एकच आकडा,
सरासरी मुक्काम, दिवसांत.
बेळगावच्या या तळघरात अकरा वर्षं
मी तो भरते.

पूर्वी हर्नियाला आठ दिवस लागायचे.
डबे घेऊन आलेल्या बायका
जिन्यावर एकमेकींच्या सोयरिकी जुळवायच्या.
आता दोन दिवस.
मोतीबिंदू तर सकाळी येतो
आणि दुपारी काळा चष्मा लावून
चन्नम्मा सर्कलला बस धरतो.

कंपनीच्या विम्याला अर्धा दिवस जास्त दिसतो.
तो आजाराचा नाही.
बरा झालेला माणूस शर्ट-पँट घालून,
मनगटावर सलाइनची चिकटपट्टी तशीच,
बेंगळुरूहून मंजुरी येईपर्यंत
खाटेच्या कडेला पाय हलवत बसतो.

मुक्काम पोस्ट तुडये, सातेरी हलगेकर.
फणसावरून पडला, खुबा मोडला.
"कार्ड हाय की ओ, बघा की."
"हे तिकडचं, मामा. आमच्याकडं चालत नाही."
खुबा शिनोळी फाटा ओलांडून आला,
कार्ड फाट्यावरच राहिलं.
चौथ्या दिवशी पोरांनी टेम्पो आणला,
स्वतःच्या जबाबदारीवर, असा कागद,
त्यावर अंगठा.
मी लिहिलं: खुबा, रोख, चार.

कार्डवाल्यांचा खुबा अकरा दिवस राहतो.
वरच्या साहेबांनी माझ्या चाराखाली हिरवी रेघ मारली:
रोखवाले लवकर बरे होतात, ट्रेंड चांगला.
मी काही बोलले नाही.
तक्त्यात टेम्पोला रकाना नाही.

गंगव्वा हुक्केरीची. अर्धांग, यशस्विनी.
पॅकेजचे नऊ दिवस संपले, मुलगा गोव्यात,
फोन लागेना.
येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला ती
वाकड्या ओठांनी विचारायची, "ऊट आतेन?"
जेवलीस का, एवढंच.
सव्वीस दिवस.
साहेब म्हणाले, हिला वगळा,
हिच्या एकटीनं सरासरी बिघडते.
वगळली.
पण पेन्सिलीनं, कडेला, ठेवली आहे.

नियम असा: रात्री बाराला खाटेवर जो असेल
त्याचा एक दिवस धरायचा.
नेसरगीचे एक गुरुजी अकरा चाळीसला आले
आणि बारा वीसला गेले.
हृदय, कार्ड, एक.
चाळीस मिनिटांना अख्खा दिवस मिळाला.
त्यांच्या बायकोच्या हातात पिशवी होती,
तिच्यात टॉवेल, तांब्या, आणि
चार दिवसांचे कपडे.

आता खुब्यांची बेरीज झाली.
सात पॉइंट चार.
पॉइंट चार म्हणजे मध्यरात्रीपासून मोजलं तर
सकाळचे साडेनऊ-पावणेदहा.
त्या वेळी वॉर्डात चादरी बदलतात.