कोरम

सभा झाली नव्हती.
झेंडा झाला, लाडू झाले,
सातवीच्या पोरीनं माइकवर उद्देशिका वाचली,
'सार्वभौम'वर अडखळली, पुन्हा पहिल्यापासून वाचली.
मग सरपंचांना तासगावात लग्न होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकानं वही माझ्या पिशवीत घातली.
शंभर सह्या, संध्याकाळपर्यंत.
मी शिपाई. अकरा वर्षं हे करतोय.
कुठल्या घरी चहा मिळतो, कुठं कुत्रं सोडलेलं असतं,
कोण न वाचता सही करतं, पाठ आहे मला.
न वाचता सगळेच करतात.

चौसष्ट झाल्या तेव्हा मी सावळज रस्त्याच्या
बेदाण्याच्या शेडवर होतो.
बायका ओळीनं निवडायला बसलेल्या,
हिरवा एका अंगाला, काळा एका अंगाला,
देठ-काड्या खाली पोत्यावर.

वाघमोडेंच्या अनुसयाबाईंनी हात पदराला पुसले,
वही घेतली
आणि वाचायला लागल्या.
एकेक अक्षर, निवडल्यासारखं.
म्हटलं, वैनी, इथं खाली, फुली केलीय.
थांबा की वाईच, म्हणाल्या.

ठराव चौथा : गायरानातली दीड एकर जागा
गोडाऊनसाठी भाड्यानं. सर्वानुमते मंजूर.

"सर्वानुमते म्हंजी?"
सगळ्यांच्या मतानं.
"मग माझं कवा घेतलं?"

ओळीतले हात थांबले.
वजनकाट्यावरचा मुकादम उगाच खाकरला.

मी म्हटलं, नुसती सही तर आहे.
"गेल्या साली बी नुसतीच केलती.
टाकी बांधून झाली, आसं लिवलं हुतं म्हनं वर.
टाकी न्हाई.
सही हाय. माझीच."
हे त्या मला सांगत नव्हत्या,
समोरच्या ढिगाकडं बघत होत्या.

मग पेन मागून घेतलं.
फुलीच्या जागी नाही, समासात, तिरकं लिहिलं :
मी झेंड्याला होते. सभा झाली नाही.
खाली पूर्ण नाव. तारीख सत्तावीस.
पानावर चिकट बोट उमटलं,
आणि पेन त्यांनी मला परत दिलंच नाही,
शेजारच्या मुमताजकडं सरकवलं.

ग्रामसेवक म्हणाला, पान फाड.
नंबर छापलेत, साहेब.
म्हणाला, मग खोड.
ते पान आता शेजारच्या पानाला चिकटतं,
वही उघडताना चर्रकन आवाज येतो,
हापिसात सगळे वर बघतात.

रात्री ट्यूबखाली बसून मी सह्या मोजल्या.
पहिली माझी.
दर वर्षी पहिली माझीच असते,
पेन चालतं का बघायला.

आणि दवंडीही माझ्याकडंच आहे, अकरा वर्षं.
त्या सभेची
मी दिलेली नव्हती.