एम. हंगरगेकर

निपाणीच्या आमच्या कॉलेजात
बढतीचा अर्ज भरायचा तर आधी लेखक मोजावे लागतात.
ते काम माझं. ग्रंथालयात, पंख्याखाली,
खिडक्या लावून घेऊन. कारण पलीकडच्या वखारीत
तंबाखू निवडायला काढली
की इकडे पुस्तकंसुद्धा शिंकतात.

नियम सोपा आहे.
एकट्यानं लिहिलं तर पूर्ण गुण,
दोघांनी लिहिलं तर प्रत्येकी सत्तर टक्के.
म्हणजे दोन माणसं मिळून एकशे चाळीस.
इतका उदार हिशेब
इथल्या कुठल्या मुकादमानं कधी केला नाही.

मार्तंड हंगरगेकर सर, वनस्पतिशास्त्र.
संगणकाला विचारलं, तो म्हणाला, असे तीन आहेत.
एक हंगरगेकर, पुण्यात छापलेले.
एक हनगरगेकर, ज्यांच्या अनुस्वारातून
धारवाडच्या टंकलेखकानं अख्खा न बाहेर काढला.
आणि एक एच. मार्तंड,
इकडच्या रिवाजानं आडनावाची घडी घालून
एका अक्षरात ठेवलेले.
उताऱ्यावर कन्नडमध्ये चौथेही आहेत,
पण ते ऊस लावतात, निबंध लिहीत नाहीत.

तिघांना मी एक केलं. त्याला बटण आहे.
सहा निबंध भरले.
सात लागतात.

सातवा सापडला एम. हंगरगेकर नावाखाली, सन अठ्ठ्याण्णव:
तंबाखू वखारीतल्या स्त्रियांची श्वासक्षमता.
निरीक्षणं त्रेसष्ट. लेखक एकच. पूर्ण गुण.
"घाला की मग तो," सर म्हणाले.

मी शेवटचं पान उघडून पुढे सरकवलं.
खाली, बारीक टाइपात:
फुंक मोजायचं यंत्र सायकलवरून
वखारीवखारीत पोचवल्याबद्दल
माझा भाऊ मार्तंड याची मी आभारी आहे.

सर बराच वेळ वाचत राहिले.
ओळ काही एवढी मोठी नव्हती.
मग चष्मा पुसत म्हणाले,
"आभाराला गुण किती?"
नाहीत, म्हटलं.

एम म्हणजे मथुरा.
त्यानंतर तिनं काहीच लिहिलं नाही, असं संगणक सांगतो.
पुढच्याच वैशाखात संकेश्वरला
ताटातल्या तांदळात नवऱ्यानं अंगठीनं लिहिलं:
स्नेहल.
(त्या मजकुराच्या लेखकाबद्दल कुणाला शंका नाही.)
स्नेहल कुलगुडे. निबंध शून्य.

गुरुवारी सरांनीच नंबर आणून दिला.
"विचारा तिला, कुठलं नाव लावायचं."
तिकडे कुकरची शिट्टी, तिच्याआडून आवाज:
"कशाला काढलासा ओ ते आता?"
शिट्टी विरेपर्यंत गप्प. मग म्हणाली,
"त्रेसष्ट लिहिलंय न्हवं? चौसष्ट होत्या बायका.
गंगव्वा न्हाई त्यात.
तिची फुंक इतकी कमी भरली
की गाइड म्हणाले, यंत्राची चूक धरा, वगळा.
यंत्र बरोबर होतं ओ.
मार्तंडनं तिथंच फुंकून बघितलं होतं."

मी हे सरांना सांगितलं.
त्यांनी नुसतं, "होय, वखार नंबर चारात," म्हटलं
आणि वर्गावर गेले.

शनिवारी मुदत संपली.
अर्जात निबंध सहा, सही सरांची.
मथुरा हंगरगेकर, निबंध एक,
ही नोंद मी वेगळी केली.
ती आणि स्नेहल कुलगुडे एकच, हे जोडायला गेले
तर यंत्रणा पुरावा मागते, पीडीएफमध्ये.
तांदूळ तर त्याच रात्री शिजले असतील.

खिडकी उघडली. शिंक आली, एक, लांबलचक.
गंगव्वाचं आडनाव
विचारायचं राहूनच गेलं.