कुंपणाला घायपात

माणशी सातशे रुपये.
त्यात आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं,
त्याआधी करवंटीभर माडी,
त्याच्याही आधी मी:
"नमस्कार, मी प्रणोती रेडकर, उभादांड्यात आपलं स्वागत."

सव्वासहाला माडाखाली आठ माणसं.
सांगलीचे निवृत्त बँकवाले,
पुण्याचं जोडपं, चपलांत वाळू गेल्यामुळे आधीच थोडं नाराज,
कुणाकुणाची मुलं,
आणि एउलालिया.
तिच्या गावाचं नाव मी तीनदा विचारलं,
चौथ्यांदा नुसतं मेक्सिको लिहून टाकलं.

वर बाबा.
माडाला चुन्याने घातलेला सरकारी नंबर,
कमरेला काती, पाठीला दुधी भोपळ्याचं पोकळ भांडं,
घोट्यांत वाखाचा फास.
मी खालून समजावते: ही पोय. हिला फुलू द्यायचं नाही.
बांधायची, ठोकायची, रोज शेंडा सोलायचा,
मग जे नारळ होणार होतं ते थेंबथेंब मडक्यात उतरतं.
(हे वाक्य मी पाठ केलंय. इथे लोक मान हलवतात.)

बाबा उतरतात. भांड्यात फेस, फेसात एक मुंगळा.
मी गाळते, करवंट्या वाटते.
सकाळची गोड, दुपारची आंबट, सांजची डोक्यात.
बँकवाले विचारतात, किती टक्के?

यापुढचं माझं वाक्य असतं,
आमच्याकडे पहिला थेंब राखणदाराला.
मग मी थोडी माडी वाळूवर सांडते, मोबाइल वर होतात,
कुणीतरी म्हणतं, थांबा, परत एकदा.
मी परत सांडते.
राखणदाराला रोज दोनदा मिळते.

आज वाक्य तोंडातून निघायच्या आत
एउलालियाने करवंटी तिरकी केली.
कुणाकडे न बघता.
वाळूने एवढासा आवाज केला.
मग प्यायली,
आणि ओठावरचा फेस तसाच ठेवून
भोपळ्याच्या भांड्याला हात लावला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

म्हणाली, आजोबाही भोपळाच न्यायचा, हाताएवढा लांब.
चढायचा नाही, झाडात वाकायचा.
गाभा कोरलेला, त्यात रस साचलेला,
भोपळ्याचं एक टोक रसात, एक तोंडात,
श्वासाने वर ओढायचा.
रात्रभरात आंबून त्याची अशीच पांढरी व्हायची, थोडी बुळबुळीत.

कुठलं झाड?
तिने माझ्या मागे बोट केलं.

कुंपणाला घायपात.
ढोरं आत येऊ नयेत म्हणून लावलेलं,
ज्याच्या पानावर सातवीत मी काट्याने एक नाव कोरलं होतं
आणि नंतर ते पानच कापून टाकलं होतं.
"हे नव्हे, याचं चुलत भावंड," ती म्हणाली.
मी बाबांना सांगितलं.
"घायपाताची माडी? खुळी काय गो ही?"

तर ती वाळूत बसली, बाबांच्या पायाशी,
घोट्यातला फास दोन बोटांत चोळला,
तिच्या भाषेत एक शब्द उच्चारला,
आणि वर बघून हसली.

वाख. याच पानांचा. दर वर्षी सडवून, झोडपून
बाबा स्वतः वळतात.
चाळीस वर्षं तिच्याकडचं झाड
माझ्या बापाला आमच्या झाडावर धरून होतं
आणि माझ्या सातशे रुपयांत त्याचा उल्लेख नव्हता.

बँकवाल्यांनी दुसरी करवंटी मागितली.

सांजेला बाबा काती घेऊन कुंपणाशी गेलेले दिसले.
एक पान चिरलं, बोट लावलं, चाटलं.
थुंकले.
रात्रभर मनगट खाजवत होते.

सकाळी फास घट्ट करताना
जरा जास्तच वेळ वाकून राहिले.
मग चढले. अर्ध्यावरून हाक आली,
"ती उलाली गेली काय गो?"
गेली, पहाटेच्या गाडीने.
काती पोयीवर लागल्याचा आवाज, दोनदा.
"तिका इचारूक होया होता,
ता गोड कधी होता."